मळणीयंत्र आणि दुर्बीण

चारठाण्याच्या शिवारात सोयाबीनची मळणी चालू असली, की यंत्राकडे नको, सुडीवरून काड ओढणाऱ्या हातांकडे पाहा. ते मंदावले की यंत्र नुसतंच घरघरतं. एकदम मोठा कवळा कोंबला की चोंदतं. वेगवान संदेशांवर प्रक्रिया करणाऱ्या हार्डवेअरचं मर्म हेच. यंत्र म्हणजे प्रोसेसर, हात म्हणजे मेमरी.

नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी दुर्बीण घ्या. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या, प्रत्येकीचे दोन संदेश. 400 मेगाहर्ट्झचा पट्टा टिपायचा तर प्रत्येक संदेशाचे सेकंदाला किमान 80 कोटी नमुने. सगळे मिळून 4,800 कोटी. आकाश काही थांबत नाही.

म्हणून कामाची वाटणी. एफपीजीए चिप नमुन्यांचे गठ्ठे बांधतात. जीपीयू त्यांतल्या लहरी सुट्या करून तबकड्यांच्या 435 जोड्या जुळवतात. अशा यंत्रणेत मेमरीचे कप्पे आळीपाळीने चालतात: एक भरतो, तेव्हा दुसरा रिकामा होतो. शिवाय दूरच्या तबकडीवर लहर काही मायक्रोसेकंद उशिरा पोचू शकते. तोवर आधी आलेले नमुने मेमरीत थोपवून धरायचे.

गुणाकार-बेरीज सोपी, घास वेळेवर भरवणं अवघड.