सही करण्याआधी विचारा!

मैत्रिणींनो, उद्या डॉक्टरांनी तुम्हाला विचारले, ‘एका नव्या औषधाची चाचणी चालू आहे, तुमचे नाव घालू का?’ तर काय सांगाल? बहुतेकींच्या तोंडून निघेल, “नको गं बाई! आमच्यावर कशाला प्रयोग?” काही जणी मात्र “डॉक्टरच म्हणताहेत ना, मग घाला” म्हणून मोकळ्या होतील. खरे सांगायचे तर ही दोन्ही उत्तरे घाईचीच!

आपण मुलांना देतो ती लस काय किंवा सासूबाईंची रक्तदाबाची गोळी काय, आधी कुणीतरी ती स्वतःच्या अंगावर घेऊन बघू दिली, म्हणून ती आपल्यापर्यंत आली.

मुंबईचेच उदाहरण पाहा. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर लवकर कसा ओळखावा, यासाठी टाटा मेमोरियल हॉस्पिटलने १९९८ मध्ये झोपडपट्ट्यांत एक मोठी चाचणी सुरू केली. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रिया तीत होत्या. युक्ती अगदी साधी. व्हिनेगरमध्ये असते तेच आम्ल पातळ करून गर्भाशयाच्या मुखाला लावायचे आणि थोडे थांबायचे. संशयास्पद भाग पांढरट दिसतो. हे काम डॉक्टरांनी नव्हे, तर शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी केले. २०१३ मध्ये निष्कर्ष जाहीर झाला. तपासणी झालेल्या वस्त्यांत या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले होते!

पण याची दुसरी बाजूही समजून घ्यायला हवी. कोणत्या वस्तीत तपासणी करायची, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरले होते. उरलेल्या अर्ध्या वस्त्यांतल्या बायकांना रोगाची माहिती मिळाली, ही तपासणी नाही. तुलना केल्याशिवाय फरक कळत नाही हे खरे. पण ‘त्या बायकांचे काय?’ असा आक्षेप पुढे घेतला गेला, आणि तोही उडवून लावण्याजोगा नाही.

म्हणूनच म्हणते, नाव घालण्याआधी तोंड उघडा. हे प्रश्न जरूर विचारा :

● मला नवे औषध मिळेल, की जुनेच, की नुसती साखरेची गोळी?
● त्रास काय होऊ शकतो? किती खेपा घालाव्या लागतील?
● नाही म्हटले तर माझे नेहमीचे उपचार चालू राहतील ना?
● रुग्णालयाच्या नीतिसमितीने मंजुरी दिली आहे का? सरकारी नोंदवहीत चाचणीची नोंद आहे का?

२०१९ च्या नियमांप्रमाणे, नव्या औषधाच्या चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि नुकसानभरपाई मिळते. संमतिपत्र तुम्हाला समजेल अशा भाषेत हवे आणि त्याची प्रत तुमच्या हाती पडायला हवी. मध्येच बाहेर पडायचे झाले, तरी कुणी अडवू शकत नाही.

कागद घरी आणा, सवडीने वाचा, यजमानांशी बोला, घरच्या डॉक्टरांना दाखवा. मात्र ‘हो’ किंवा ‘नाही’ तुमचे स्वतःचे असू द्या. साडी घेताना आपण चार दुकाने पालथी घालतो. मग आपल्या शरीराच्या बाबतीत चार प्रश्न विचारायला लाजायचे कशाला?