कोपऱ्यावरची शिडी

2021च्या शिकारीच्या हंगामात मिसूरीहून चार शिकारी वायोमिंगमधल्या एल्क माउंटनवर आले, ते सोबत एक शिडी घेऊन. सरकारी जमिनीचे दोन चौकोन तिथे फक्त कोपऱ्याला कोपरा लावून उभे आहेत; उरलेले दोन चौकोन खाजगी. शिडीवरून चौघे एका सरकारी चौकोनातून दुसऱ्यात उतरले. खाजगी मातीला पाय लागला नाही, तरी मालकाने 70 लाख डॉलरांहून अधिक नुकसानीचा दावा लावला. आपल्याकडे बांधावरून भाऊबंदकी होते, इथे बांधाच्या टोकावरच्या हवेवरून झाली. मार्च 2025मध्ये अपील न्यायालयाने शिकाऱ्यांच्या बाजूने कौल दिला, तोही 1885 सालच्या कुंपणविरोधी कायद्याच्या आधारे.

हा बुद्धिबळाचा पट 1862च्या रेल्वे कायद्यातून आला. रुळांच्या दोन्ही बाजूंना 640 एकरांचा एक चौकोन कंपनीला, पुढचा सरकारला, अशी वाटणी झाली. रेल्वे पोहोचली, पट तसाच राहिला.

त्यावर सरळ उपाय म्हणजे अदलाबदल: तुमचा चौकोन आम्हाला, आमचा तुम्हाला, म्हणजे दोघांचीही जमीन सलग. 1976च्या संघीय भूमी कायद्याने तशी सोय केली आहे. जमिनी एकाच राज्यातल्या हव्यात, किंमत सारखी हवी. फरक पडलाच तर तो रोखीने भरायचा, पण सरकारी जमिनीच्या किमतीच्या 25 टक्क्यांपर्यंतच. व्यवहार लोकहिताचा आहे की नाही हे ठरवताना वन्यजीव आणि लोकांचं हिंडणंफिरणं यांचाही विचार व्हावा, असं कायदाच सांगतो.

गोम आहे ती ‘सारख्या किमती’त. डोंगरमाथ्यावरची खडकाळ जमीन फोटोत देखणी दिसते, पण बर्फ पडला की म्यूल डिअर आणि प्राँगहॉर्न हे हरणासारखे प्राणी खालच्या दरीत उतरतात. तिथली सेजब्रशची झुडपं खाऊन ते हिवाळा काढतात. नेमकी तीच सपाट, रस्त्यालगतची जमीन घरं बांधणाऱ्यांनाही हवी असते. माथ्यावरचे दुप्पट एकर पदरात पडले, तरी गेलेली दरी भरून येत नाही. शिवाय हिशेबही नेहमी चोख नसतो. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने 2000 साली काही व्यवहार तपासले, तेव्हा सरकारी जमीन स्वस्तात गेलेली आणि खाजगी जमीन महागात घेतलेली आढळली. असे व्यवहार थांबवण्याचाच विचार करा, असं त्यांनी संसदेला सुचवलं.

म्हणून खरी राखण खरेदीखतातल्या शर्तींत असते. जमीन देतानाच सरकार वाटेची वहिवाट राखून ठेवू शकतं, बांधकामावर बंधन घालू शकतं. कुंपणाची सर्वांत खालची तार बिनकाट्याची आणि जमिनीपासून सोळा-अठरा इंच वर असावी, ही अटही मग क्षुल्लक राहत नाही. प्राँगहॉर्न हा उत्तर अमेरिकेतला सर्वांत वेगवान धावणारा प्राणी, पण तो कुंपणावरून सहसा उडी मारत नाही, तारेखालून सरपटत जातो.

विक्रीच्या बाबतीत पैसा कुठे जातो, हा प्रश्न येतो. लास व्हेगसभोवतालच्या सरकारी जमिनीच्या लिलावासाठी 1998मध्ये वेगळा कायदा झाला. त्यातून येणाऱ्या रकमेपैकी 5 टक्के राज्याच्या शिक्षणाला, 10 टक्के पाणी प्राधिकरणाला आणि उरलेले 85 टक्के उद्यानं, पायवाटा, अधिवास यांसाठी खास खात्यात जातात. शहर वाढतं ते वाळवंट खाऊनच, पण निदान त्याची भरपाई निसर्गाच्या खात्यात जमा होते. मला हा व्यवहार त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटतो.

ॲरिझोनातल्या ओक फ्लॅटचं मात्र तसं नाही. अपाचे लोकांचं हे पवित्र स्थान, ओकच्या सावलीतला तंबू ठोकायचा सरकारी तळ. 1955पासून त्यातली 760 एकर जमीन खाणकामासाठी बंद होती. 2014मध्ये संरक्षण खर्चाच्या विधेयकाला एक कलम जोडलं गेलं: इथली 2,422 एकर तांब्याच्या खाणीच्या कंपनीला द्यायची, बदल्यात कंपनीकडून विखुरलेली पाच हजारांवर एकर घ्यायची. पर्यावरणाचा अंतिम अहवाल प्रसिद्ध झाला की 60 दिवसांत जमीन द्यायची, हेही त्यातच ठरलं. म्हणजे अहवालात काही का निघेना. खाणीमुळे पुढे तिथे सुमारे दोन मैल रुंदीचा खड्डा पडणार आहे. तंबू ठोकायला येणाऱ्यांची सोयही कलमात पाहिली आहे: जागा सुरक्षित असेपर्यंत त्यांना येऊ द्यावं.