डिपॉझिटचा वाद : सिद्ध कुणी करायचं?

पीएचडीला प्रवेश मिळाला की छत्रपती संभाजीनगरात पहिलं काम म्हणजे खोली शोधणं. बेगमपुरा, पहाडसिंगपुरा, सिडको, हडको, कुठंही बघा, भाड्याबरोबर डिपॉझिटचा आकडा येतोच. खोली सोडताना मात्र "रंगाचे गेले, साफसफाईचे गेले" असं करत तो निम्म्यावर येतो. फेलोशिप रखडलेल्या विद्यार्थ्याला हे दहा-बारा हजार सोडून देणं परवडत नाही.

अशा वेळी आपण एक तर भांडतो, नाहीतर गप्प बसतो. त्यापेक्षा संशोधनात रोज विचारतो तोच प्रश्न इथं विचारा: दावा कुणाचा आणि तो सिद्ध कुणी करायचा?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम ५५ यासाठी वाचायला हवं. भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची, असं ते सांगतं. तसा करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, 'अन्यथा सिद्ध झाल्याखेरीज'. म्हणजे हे शून्य गृहीतकासारखं आहे: खोडून काढता येतं, पण खोडायचं काम मालकाचं. बाँड पेपरवर नोटरी केलेला करार म्हणजे नोंदणीकृत करार नव्हे, हेही लक्षात ठेवा.

पण कलमातून नसलेला अर्थ काढू नका. ते अटींबद्दल बोलतं. तुम्ही पैसे दिले होते, हे तुम्हालाच दाखवावं लागेल. त्यासाठी यूपीआयची नोंद, बँकेचं स्टेटमेंट, सही केलेली पावती हवी. रोख दिले असतील तर "डिपॉझिटचे बारा हजार मिळाले ना, काका?" असा साधा मेसेज आणि त्याचं उत्तरही उपयोगी पडतं. स्क्रीनशॉट ही प्रत झाली. मूळ संदेश फोनमधून पुसू नका.

आता कपातीचं बघू. भाडेपट्ट्याबाबत मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चं कलम १०८ वाजवी वापराने होणारी झीज वगळतं. वापराने फिका पडलेला रंग ही झीज, फुटलेलं बेसिन हे नुकसान. लिव्ह अँड लायसन्समध्ये करारातली अट आधी बघायची, पण हा फरक तिथंही मांडता येतो. प्रत्येक कपातीचं बिल मागा.

मग क्रमाने चला. आधी लेखी मागणी करा: रक्कम, खोली सोडल्याची तारीख, किल्ली दिल्याची तारीख, पंधरा दिवसांची मुदत. उत्तर नाही आलं तर तीच मागणी नोटीस म्हणून स्पीड पोस्टने पाठवा, पावती जपा. त्यानंतर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. दावा दाखल करण्याआधीच प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं. तिथं दोघांची संमती लागते, पण तडजोड झाली की तिला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचा दर्जा मिळतो आणि त्यावर अपील नसतं. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींतल्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. शेवटचा मार्ग दिवाणी दाव्याचा. पैसे वसुलीसाठी साधारण तीन वर्षांची मुदत असते, तेव्हा "बघू पुढच्या सेमिस्टरला" करत बसू नका.

२०२१ च्या आदर्श भाडे कायद्यात घरासाठी डिपॉझिटची मर्यादा दोन महिन्यांच्या भाड्याइतकी आहे. मालकाला तो दाखवण्याआधी थांबा: तो नमुना आहे, राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय लागू होत नाही. चुकीचा संदर्भ दिला की बरोबर मुद्दाही लंगडा पडतो, हे शोधनिबंधाइतकंच इथंही खरं.

आणि जे अजून खोली शोधताय, त्यांनी सामान आत नेण्याआधी भिंती, नळ, पंखे, मीटर यांचे फोटो काढून त्याच दिवशी मालकाला पाठवा. खोली सोडताना पुन्हा तेच फोटो काढा. आधीची नोंद नसेल तर नंतरच्या फरकाबद्दल काहीच सांगता येत नाही.