खर्रा खाणाऱ्याच्या लाळेत काय शोधायचं?

विदर्भातल्या दंत महाविद्यालयाच्या ओपीडीत रुग्णाला सांगतात, ‘तुमचीच तीन बोटं उभी तोंडात घाला.’ खर्रा खाणाऱ्या कित्येकांची दोनच जातात. खर्ऱ्यातल्या सुपारीतलं अरेकोलिन हे रसायन गालाखालच्या पेशींना कोलॅजन बनवायला लावतं. सुपारीतल्याच तांब्यामुळे लायसिल ऑक्सिडेज हे विकर जोर धरतं आणि कोलॅजनचे धागे घट्ट बांधून टाकतं. गाल ताठरतो, तोंड उघडेनासं होतं. हा सबम्यूकस फायब्रोसिस. यातल्या थोड्यांनाच पुढे कर्करोग होतो. पण कोणाला?

त्याची खूण प्रथिनांत असावी, असं मानायला आधार आहे. बायॉप्सीच्या काचपट्टीवर ई-कॅडहेरिन रंगवलं की निरोगी पेशींच्या कडांनी तपकिरी जाळी उमटते. पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं हे प्रथिन. गाठीच्या पुढच्या कडेला, पेशी खोल घुसत असतात तिथे, ही जाळी बऱ्याचदा विरलेली दिसते. त्याच भागात काही पेशींमध्ये व्हायमेंटिन दिसू लागतं, जे अस्तराच्या पेशींत एरवी नसतं. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रातल्या संशोधकांनी केराटिन ८ आणि १८ या जोडीचा माग काढला. निरोगी गालाच्या अस्तरात सहसा न आढळणारी ही जोडी तिथल्या कर्करोगात दिसते.

बायॉप्सीसाठी मात्र तुकडा काढावा लागतो. म्हणून सगळ्यांची नजर लाळेवर. २००८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी लाळेतली पाच प्रथिनं एकत्र मोजली आणि कर्करोग असलेल्या शंभरातल्या नव्वदांना ओळखता येईल, असं दाखवलं. सुपारी खाणाऱ्या तैवानमध्ये २०१६ साली एमएमपी-१ सह चार प्रथिनांचा संच पुढे आला.

माझा आक्षेप तुलनेवर आहे. २००८च्या अभ्यासात कर्करोगाच्या रुग्णांसमोर निरोगी माणसं होती. आपल्याकडे तपासणीला येणाऱ्याच्या हिरड्या सुजलेल्या, गालात पांढरा चट्टा, तोंडात वीस वर्षांची मिशेरी किंवा मावा. आयएल-८ सारखं दाहाचं प्रथिन नुसत्या हिरड्यांच्या आजारानेही वाढतं. निरोगी लाळेपासून कर्करोग वेगळा काढणं सोपं. बिघडलेल्याच तोंडांतून उद्याचा रुग्ण निवडणं खरं अवघड, आणि गरज त्याचीच आहे. २०२२ साली देशात ओठ व तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण होते.

तोवर साधी नजरही जीव वाचवते. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी तोंडं तपासली. तंबाखू वा दारूची सवय असलेल्यांमधले तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचं २००५ साली प्रसिद्ध झालं. महाराष्ट्रात हे काम आशाताईंच्या हाती देता येईल. त्यांना चट्टा किंवा ताठर गाल आढळला की त्या रुग्णाची लाळ दर सहा महिन्यांनी घेऊन उणे ऐंशी अंशांवर साठवावी. पुढे ज्यांना कर्करोग होईल, त्यांच्या जुन्या कुप्या उघडून पाहाव्यात आणि तशाच सवयी असूनही ज्यांना झाला नाही, त्यांच्या कुप्या शेजारी ठेवाव्यात. अशा अभ्यासाला दहा-पंधरा वर्षं लागतील, म्हणून पैसा आणि माणसं तेवढ्या काळासाठी आधीच बांधून द्यायला हवीत.