पडदा तलम, यंत्र बेजार

कोलाड स्थानकात १९९९ पासून मालमोटारी रेल्वेच्या वाघिणींवर चढतात आणि आपले इंजिन बंद ठेवून गोव्यातील वेर्ण्यापर्यंत जातात. संगणकावरील ब्राउझरचा व्यवहार काहीसा असाच आहे. पान रंगविण्याचे अवजड काम मुख्य प्रोसेसरने ग्राफिक्स चिपच्या पाठीवर टाकावे, अशी योजना असते. चिप दुबळी निघाली किंवा तिचा ड्रायव्हर सदोष असला, की सारा भार मुख्य प्रोसेसरलाच घाटातून ओढावा लागतो.

भार वाढतो तोही सरळ हिशेबाने नव्हे. ॲपलने २०१२ मध्ये पंधरा इंची मॅकबुक प्रोला २८८० बाय १८०० पिक्सेलांचा पडदा दिला. पूर्वीच्या १४४० बाय ९०० शी तुलना करता लांबी-रुंदी दुप्पट झाली. पिक्सेल मात्र चौपट, म्हणजे सुमारे ५२ लाख. पान सरकताना सेकंदाला साठ वेळा पडदा नव्याने रंगवायचा, तर ३१ कोटी पिक्सेलांची उलाढाल होते. अक्षर सुबक, पण पान अडखळते, ते यामुळे. अर्थात देवनागरीच्या जोडाक्षरांना तलम पडदा मानवतो, तेव्हा हा केवळ शौक म्हणता येणार नाही.

ग्राहक फसतो तो खरेदीच्या वेळी. जाहिरातीत पिक्सेलांचा आकडा ठळक असतो, चिपची कुवत कोपऱ्यात. शिष्यवृत्तीचा अर्ज भरणाऱ्या विद्यार्थ्याला १९२० बाय १०८० चा पडदा पुरतो. जुन्या यंत्रावरही पडद्याचे रिझोल्यूशन उतरविले आणि ब्राउझरमधील हार्डवेअर ॲक्सेलरेशन चालू आहे ना हे पाहिले, तर नवे यंत्र घेण्याचा खर्च पुष्कळदा टळतो. विक्रेता हे आपण होऊन क्वचितच सांगेल.