विकत घेतलेले सॉफ्टवेअर आणि त्याची किल्ली

गावची विविध कार्यकारी सोसायटी, दूध संस्था किंवा मोठा बागाईतदार यांचे हिशेब संगणकावर ठेवण्याची वहिवाट सोलापूर जिल्ह्यात आता नवी राहिलेली नाही. त्यासाठी लागणारे सॉफ्टवेअर अनेकांनी दहा-पंधरा वर्षांपूर्वी रोख पैसे मोजून, कायमचे म्हणून विकत घेतले. ते अद्याप चालते, म्हणून त्याकडे कोणी पाहत नाही. परंतु एखादे दिवशी हार्ड डिस्क बिघडते, नवी बसवावी लागते, आणि तेच सॉफ्टवेअर पुन्हा घालू गेल्यास ते कंपनीची मंजुरी मागते. कंपनीने तर त्या आवृत्तीचा कारभार केव्हाच आवरलेला असतो. मग वस्तू आपली असून उपयोगाची नाही, अशी स्थिती होते. आणि सभासदांच्या कर्जखात्यांच्या जुन्या नोंदीही तिच्याबरोबर अडकून पडतात. ही अडचण का येते व तीवर उपाय कोणते, हे येथे सांगण्याचा आमचा विचार आहे.

बियाण्याच्या दाखल्याने ही गोष्ट चटकन ध्यानात येईल. मोहोळ येथे निवडलेल्या मालदांडी ३५-१ ज्वारीचे बी शेतकरी स्वतःच्या कणगीतून राखून पुन्हा पेरू शकतो. संकरित वाणाचे बी मात्र दर हंगामास दुकानातून आणावे लागते. सॉफ्टवेअरचेही तसेच आहे. काही जुनी सॉफ्टवेअरे केवळ अनुक्रमांक घालताच चालू होतात. ती मालदांडीच्या जातीची समजावी. दुसऱ्या प्रकारात संगणकाच्या सुट्या भागांवरून एक खूण तयार होते, ती कंपनीच्या सर्व्हरकडे जाते व तेथून होकार आल्यावरच काम सुरू होते. ह्यास ॲक्टिव्हेशन म्हणतात. डिस्क किंवा मदरबोर्ड बदलला की खूण बदलते, आणि होकार पुन्हा मागावा लागतो. तिसऱ्या प्रकारात संगणकास जोडावयाचे एक लहान कुलूप, म्हणजे डोंगल, मिळते. मराठी टंकलेखनाचे अनेक संच अशा कुलपासह विकले गेले. ते हरवले, अथवा नव्या विंडोजने ते ओळखले नाही, तर सॉफ्टवेअर उघडत नाही.

सेवा संपणे आणि सर्व्हर बंद होणे ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. विंडोज ७ ची सेवा १४ जानेवारी २०२० रोजी व विंडोज १० ची सर्वसाधारण सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. तरी त्या दिवशी कोणाचा संगणक थांबला नाही. केवळ सुरक्षिततेच्या दुरुस्त्या येईनाशा झाल्या. खरी अडचण ॲक्टिव्हेशनचा सर्व्हर बंद झाल्यावर येते. अडोबी कंपनीने सीएस-२ ह्या संचाचा सर्व्हर बंद केला, तेव्हा ज्यांनी तो संच पूर्वी विकत घेतला होता त्यांच्यासाठी ॲक्टिव्हेशन न लागणारी प्रत व नवा अनुक्रमांक उपलब्ध करून दिला. जानेवारी २०१३ मध्ये ही बातमी पसरताच अनेकांनी संच फुकट झाला असा समज करून घेतला. तो चुकीचा होता. सवलत जुन्या खरेदीदारांसाठीच होती. सर्वच कंपन्या असे करतात असे नाही. तथापि मागणी करण्यास हा दाखला उपयोगी आहे.

कायदाही खरेदीदारास काही अंशी अनुकूल आहे. प्रताधिकार कायदा, १९५७, कलम ५२ अन्वये कायदेशीर प्रत बाळगणाऱ्यास नुकसानीपासून बचावासाठी राखीव प्रत करता येते. परंतु प्रताधिकाराचा भंग करण्याच्या हेतूने संरक्षक कुलूप फोडणे हा २०१२ च्या दुरुस्तीपासून कलम ६५अ खाली गुन्हा आहे. बाजारात वा इंटरनेटवर मिळणाऱ्या फोडलेल्या प्रतींबरोबर विषाणूही येतात. संस्थेचे दप्तर अशा प्रतीच्या हवाली करणे धोक्याचे होय.

ह्यास्तव संगणक चालू असतानाच पुढील गोष्टी कराव्या. खरेदीची पावती, अनुक्रमांक, मूळ सीडी व डोंगल ही एके ठिकाणी, दप्तराच्या कपाटात ठेवावी. संपूर्ण डिस्कची नक्कल दुसऱ्या डिस्कवर घेऊन ती निराळ्या जागी ठेवावी. संगणक मोडीत काढण्यापूर्वी जुने ॲक्टिव्हेशन रद्द करता येत असल्यास करावे, म्हणजे तोच परवाना नव्या संगणकास लागू पडतो. ॲक्टिव्हेशन होईना, तर प्रथम घड्याळ पाहावे: मदरबोर्डवरील लहान बॅटरी संपली की तारीख मागे जाते व सर्व्हर जोडणी नाकारतो. इतक्यानेही न भागल्यास पावतीची नक्कल जोडून कंपनीस लेखी विनंती करावी. सेवा संपलेला संगणक केवळ जुन्या कामापुरता, इंटरनेटशिवाय वापरावा.

सर्वांत महत्त्वाचे काम मात्र नोंदी बाहेर काढण्याचे. सॉफ्टवेअर ही कणगी आहे, धान्य म्हणजे नोंदी. प्रत्येक वर्षाची खातेवही पीडीएफमध्ये व साध्या तक्त्याच्या सीएसव्ही स्वरूपात काढून ठेवल्यास ती कोणत्याही संगणकावर वाचता येते. जुन्या मराठी फाँटमधील मजकूर युनिकोडमध्ये करून घ्यावा. नाहीतर तो फाँट नसलेल्या संगणकावर निरर्थक इंग्रजी अक्षरे दिसतात.

केंद्र सरकारने २९ जून २०२२ रोजी ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. नवी व्यवस्था आली तरी फेडलेल्या कर्जाचा वाद उपस्थित झाल्यास जुनाच उतारा लागतो. म्हणून पुढील वार्षिक सभेत प्रत्येक सभासदाने सचिवांस एवढेच विचारावे: आपला जुना संगणक उद्या बंद पडला, तर माझ्या खात्याचा उतारा कोठून मिळेल? उत्तर समाधानकारक नसल्यास वर सांगितलेली कामे त्याच महिन्यात उरकून घ्यावी.