जनुक-अभिव्यक्ती विश्लेषण

जनुक-अभिव्यक्ती विश्लेषण : कोशिकेतील कोणती जनुके (आनुवंशिक एकके) कार्यरत आहेत आणि किती प्रमाणात, हे ठरविण्याच्या रेण्वीय जीवविज्ञानातील पद्धती. एकाच व्यक्तीच्या यकृतातील व मेंदूतील कोशिकांत डीएनए जवळजवळ सारखेच असते. त्यांच्यातील भेद मुख्यतः कोणती जनुके कार्यान्वित होतात यावर अवलंबून असतो. जनुकातील माहितीनुसार संदेशक आरएनए तयार होते व त्यावरून प्रथिन बनते. संदेशक आरएनएचे मापन हा या विश्लेषणाचा गाभा होय.

इतिहास : १९७० मध्ये हॉवर्ड टेमिन व डेव्हिड बॉल्टिमोर यांनी आरएनएपासून डीएनए घडविणारे एंझाइम स्वतंत्रपणे शोधले. १९७७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात विशिष्ट आरएनए ओळखण्याची ‘नॉर्दर्न ब्लॉट’ पद्धती विकसित झाली. १९९५ मध्ये तेथेच काचपट्टीवरील डीएनएच्या ठिपक्यांद्वारे अनेक जनुकांचे मापन एकाच वेळी करण्यात आले. २००८ पासून आरएनए-अनुक्रमणाचा प्रसार झाला.

कार्यपद्धती : आरएनए लवकर विघटित होत असल्याने ऊतक (समान कोशिकांचा समूह) काढताच बहुधा द्रवरूप नायट्रोजनात गोठवितात. मग आरएनए वेगळे करून त्याची शुद्धता व अखंडता तपासतात. वरील एंझाइमाच्या साहाय्याने त्यापासून पूरक डीएनए बनवितात व पॉलिमरेज शृंखला विक्रियेने त्याच्या प्रती वाढवितात. आदर्श स्थितीत प्रत्येक आवर्तनात प्रती दुप्पट होतात. म्हणून अनुस्फुरक रंजकाचा ठरावीक संकेत तीन आवर्तने आधी मिळाल्यास मूळ द्रव्य सु. आठपट असते. तुलनेसाठी स्थिर अभिव्यक्तीची संदर्भ-जनुके वापरतात.

नियंत्रण-चाचण्या : प्रत्येक प्रयोगात एंझाइम न घातलेला नमुना ठेवावा लागतो. त्यातही संकेत मिळाल्यास तो आरएनएचा नसून मिसळलेल्या डीएनएचा असतो. या दक्षतेचे महत्त्व २००७ मध्ये अमेरिकेतील लसविषयक नुकसानभरपाईच्या एका खटल्यात प्रत्ययास आले. गोवर, गालगुंड व जर्मन गोवर यांवरील संयुक्त लसीमुळे स्वमग्नता उद्भवते, हा दावा अंशतः मुलांच्या आतड्यांतील ऊतकात गोवर-विषाणूचे आरएनए आढळल्याच्या निष्कर्षावर आधारला होता. तज्ञ साक्षीदार स्टीफन बस्टिन यांनी प्रयोगाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा एंझाइमविरहित विक्रियांतही संकेत मिळाल्याचे दिसले. गोवर-विषाणूच्या जीवनचक्रात डीएनए-अवस्था नसल्याने हा संकेत बाह्य दूषणाचाच असू शकतो, असे त्यांनी दाखविले. २००९ मध्ये दावा फेटाळण्यात आला. त्याच वर्षी बस्टिन व सहकाऱ्यांनी अशा प्रयोगांच्या वृत्तांतात कोणते तपशील असावेत, यासंबंधीची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली.

उपयोग व मर्यादा : स्तनकर्काच्या काही रुग्णांत २१ जनुकांच्या अभिव्यक्तीवरून रासायनी चिकित्सेची आवश्यकता ठरविण्यास साहाय्य होते. चिरकारी मज्जाजन्य श्वेतकोशिकार्बुदात (रक्ताच्या एका कर्करोगात) विकृत जनुकाच्या आरएनएचे प्रमाण वेळोवेळी मोजून उपचाराचा परिणाम अजमावितात. मात्र संदेशक आरएनए विपुल असले, तरी प्रथिनही तितकेच असते असे नाही. म्हणून महत्त्वाच्या निष्कर्षांना प्रथिनांच्या स्वतंत्र मापनाची जोड देणे इष्ट असते.